आक्काची पड

शेंद्र्या आंबा वादळात आडवा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी उजाडल्या उजाडल्या छबूबाईनं पहिलं काम काय केलं असेल, तर पाटी घेतली आणि परसात कैऱ्या वेचायला बसली. खायला नव्हे हो! तेवढी टाप या वस्तीवर कुणाची नव्हती. शेंद्र्याखाली पडलेल्या कैरीला हात लावायचा तो उचलून बाजूला ठेवण्यापुरता. उन्हाळाभर चुलीमागच्या कोपऱ्यात पोत्याखाली एक ढीग वाढत असायचा. त्याला घरात ‘आक्काची पड’ म्हणायचे. वैशाख अर्धा सरला की छबूबाईची नणंद आक्काबाई सासरच्या उक्कलगावाहून गाडी जुंपून यायची आणि आपली पड भरून न्यायची.

आज मात्र वेचायचं कुठून आणि थांबायचं कुठं, हेच छबूबाईला कळेना. अख्खाच्या अख्खा आंबा भुईवर पसरला होता.

आदल्या दिवशी तिसऱ्या प्रहरी राहुरीच्या अंगानं धूळ उठली होती. पाऊस नावालाच आला, चार टपोरे थेंब. पण वारं! गोठ्यावरची पाचटं उडून पार विहिरीत पडली. छबूबाईचा लाडका शेवगा मधोमध मोडला. पपया तर मुळासकट गेल्या. लिंबाची एक मोठी फांदी खाली आली ती नेमकी चुलवणावर. आणि सगळ्यात शेवटी, वारं आता उतरतंय असं वाटत असतानाच, शेंद्र्यानं कण्हल्यागत आवाज केला आणि परसभर हळूहळू अंग टाकलं. एका बाजूची मुळं माती घेऊन वर आली होती. दुसऱ्या बाजूची तेवढी अजून जमिनीत होती.

छबूबाईचा नवरा कानिफनाथ त्या दिवशी जेवला नाही. सकाळी उठला तो थेट बेलापूरला खाजाभाईकडं सांगावा धाडूनच उंबऱ्यावर येऊन बसला, तंबाखू मळत.

“अवो, खाजाभाईला बोलावलंत?” छबूबाईनं पाटी खाली ठेवली.

“व्हय. करवत घिऊनच ये म्हनलंय.”

“आजच? अवो, पानं अजून हिरवीगार हायेत त्याची.”

“मग वाळंस्तवर बघत बसू? रोज उठून त्येच्याकडं बघायचं मला न्हाई जमायचं, छबू. तोडून मोकळं करू.”

हा माणूसच असा होता. पोटात तुटायला लागलं की हा बाहेर कुऱ्हाड शोधायचा. वीस वर्षं संसार केला होता छबूबाईनं त्याच्याबरोबर, तिला का ठाऊक नव्हतं?

“आन् वन्सं?” तिनं हळूच विचारलं.

“तिचं काय? तिच्या कैऱ्या वेचून ठिव. यील आन् घिऊन जाईल.”

“अवो, ह्या साली घिऊन जातील. फुडच्या साली काय न्यायला येतील?”

कानिफनाथानं तंबाखूची चिमूट दाढेखाली ठेवली.

छबूबाईच्या विचारण्यात खोच होती, आणि ती नवऱ्याला बरोबर लागली होती. आक्काबाईच्या लग्नात मांडव सुटल्यावर ती बापाच्या गळ्यात पडून म्हणाली होती, “बाबा, रान पोरांचं, बैलं पोरांची, हिर पोरांची. मग मला काय?” अंगणात सगळे हसले होते. पण गोरक्षबाबा हसला नव्हता. परकरी पोर असल्यापासून आक्कानं ज्या रोपाला मोटेचं पाणी वळवून वळवून जगवलं, त्या शेंद्र्याकडं बघून तो म्हणाला होता, “शेंद्र्यावर जे हाय ते पोरांचं. वाऱ्यानं जे भुईला यील ते माज्या आक्कीचं. कुनी हात लावून पाडलं तर ती पड न्हाई.” बस्स. म्हातारा गेला, सासूबाई गेल्या, पण ते बोलणं परसात तसंच उभं राहिलं. नवी नवरी होती तेव्हा छबूबाईनं एक पडीची कैरी नकळत चटणीत घातली होती. ती चटणी सासूबाईंनी कुणाला खाऊ दिली नव्हती, तशीच डब्यात घालून उक्कलगावाला धाडली होती!

हसण्यावारी नेण्यासारखीच गोष्ट, पण गेल्या दोन वर्षांत तिला वजन आलं होतं. लेकीच्या, विजयमालेच्या लग्नापायी. पोरगी पाळण्यात होती तेव्हापासून आक्काबाईनं तिला आपल्या पोरासाठी, श्रीमंतासाठी बोलून ठेवलं होतं. मामाची पोरगी, हक्काची. आणि कानिफनाथानं राहुरीचं शिकलेलं स्थळ आलं तसं बहिणीला विचारल्याशिवाय सुपारी फोडून टाकली. आक्काबाई लग्नाला आली, अक्षता टाकल्या, आणि पाण्याचा घोटही न घेता गाडीत जाऊन बसली. त्या दिवसापासून बहीणभावांचं बोलणं तुटलं. दोन भाऊबिजा कोरड्या गेल्या. श्रीमंताचं लग्नही झालं, त्याला पोरगा झाला, तरी आक्काचा हट्ट सुटेना आणि कानिफनाथाची मान वाकेना. राहता राहिली होती ती एवढी पड. बापानं दिलेलं न्यायला कुणाचं बोलावणं लागत नाही, म्हणून आक्काबाई यायची. आणि हा आंबा तुटला की तीही यायची बंद होणार, हे कानिफनाथाला, छबूबाईला, सगळ्यांना कळत होतं.

एवढ्यात मच्छिंद्र, धाकटा दीर, दात घासत परसात आला. बायको बाळंतपणाला गेल्यापासून त्याला उठायला उशीरच व्हायचा.

“वैनी, दादा खरंच तोडनार?”

“तुमीच सांगा की तुमच्या दादाला.”

“मी काय सांगू? झाड पडलं ते पडलं.” मच्छिंद्रानं चूळ भरली. “आन् खरं सांगू का, तोडलेलंच बरं. आक्का आली की घरात दोगं बी मुक्यावानी बसत्यात आन् मधल्यामधी निरोप मला पोचवावं लागत्यात. ‘मच्छिंद्र, इचार त्याला, माजी पड कुठं ठिवलीय?’ समोर बसल्यात दोगं, मधी मी.”

छबूबाईला हसू आलं. तेवढ्यात तिला फांद्यांआडून करकर चावल्याचा आवाज आला. पानं बाजूला करून बघते, तर विजयमाला! आकितीला माहेरी आलेली, पोटुशी पोर, दोन्ही हातात दोन कैऱ्या आणि तोंडात तिसरी.

“अगं ए भवाने! पडीची कैरी?”

“आई, आता मला ऱ्हावंना,” विजयमाला डोळे मिटून आंबट गिळत म्हणाली. “पडीची न्हाई गं, फांदीचीच तोडली.”

“फांदी कुठं हाय? भुईवरच हाय न्हवं?”

माय-लेकी एकमेकींकडं बघायला लागल्या. हे कोडं दोघींनाही सुटेना.

खाजाभाई आला तो करवत खांद्यावर आणि दोन माणसं मागं घेऊन. लढाईच्या त्या दिवसांत नगरच्या छावणीला लाकूड जायचं, त्यामुळं त्याला बसायला फुरसत नव्हती. पण शेंद्र्याजवळ आल्यावर तो थांबला. त्याचा बाप आणि गोरक्षबाबा एका वयाचे, एका तालमीतले. या आंब्याचा रस त्यानंही लहानपणी कोपरापर्यंत ओघळवला होता.

“कानिफभाऊ, ह्याच्यावर करवत चालवायची म्हंजे...” त्यानं खोडावर हात फिरवला. “चहा तरी पाजा आधी. तसं न्हाई हात उचलायचा माझा.”

“गुळाचा हाय बरं का, खाजाभाई,” छबूबाई म्हणाली. “साखर रेशनची, ती संपली.”

“गुळाचा असू द्या भाबी. तेवढाच टाइम जाईल.”

चहा उकळत होता तेव्हाच वाटेवर बैलांच्या घुंगरांचा आवाज आला, आणि उंबऱ्यावरचा कानिफनाथ उठून उगाचच गोठ्यात गेला. छबूबाईनं पदर सावरला. आली. वादळाची बातमी वाऱ्यानंच नेली असावी.

आक्काबाई गाडीतून उतरली. अंगानं काटकुळी, नाकानं धारदार, कपाळावर कुंकवाची आडवी चिरी. गाडीत रिकामी पोती होती. तिनं कुणाला रामराम घातला नाही. पायात चप्पल तशीच, ती परसात गेली आणि शेंद्र्याभोवती एक फेरी घातली. वर आलेल्या मुळांना हात लावून पाहिलं. मग खोडावर बसली आणि पदर तोंडाला लावून हमसाहमशी रडली. बाप गेला तेव्हा रडली होती तशी. छबूबाईच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

“वन्सं, पानी घ्या.”

आक्काबाईनं पाणी घेतलं. तोंड पुसलं. मग तिची नजर करवतीवर गेली.

“ही कशाला आनलीय रं खाजा?”

“मला बोलावलंय आक्का. मी हुकमाचा ताबेदार.”

“छबू, तुज्या नवऱ्याला सांग. ह्या झाडाला कुनी करवत लावायची न्हाई. झाड माजं हाय.”

गोठ्यातून आवाज आला, “मच्छिंद्र, तिला इचार, तिचं कसं?”

मच्छिंद्रानं कपाळाला हात लावला. “झालं सुरू.”

“त्याला म्हनावं, बाबांनी सांगितलं हुतं. वाऱ्यानं जे भुईला यील ते आक्कीचं. आता हे भुईला हाय का न्हाई? का मला दिसत न्हाई?”

गोठ्यातला आवाज चढला. “बाबा कैऱ्यांचं बोलले हुते म्हनावं!”

“आस्सं? मग मागं ती उत्तरंकडची फांदी मोडून पडली हुती, ती कुनाच्या घरी गेली? तिचे पाट कुनाच्या घरात हायेत? इचार की त्याला, ती फांदी माज्या गाडीत कुनी उचलून घातली?”

गोठ्यातून नुसता बैल थोपटल्याचा आवाज आला. कारण फांदी कानिफनाथानंच घातली होती. खांद्यावरून वाहून नेली होती आणि वर म्हणाला होता, ‘आक्का, पाट चांगले करून घे, भाच्याच्या लग्नाला लागतील.’ बोलणं तुटायच्या आधीची गोष्ट.

“खाजाभाई, तूच सांग बाबा,” मच्छिंद्र म्हणाला. “तू तिऱ्हाईत.”

“मी कशाचा तिऱ्हाईत?” खाजाभाईनं चहाची बशी फुंकली. “पन फांदी गेली असंल तर झाड बी जातं, भाऊ. ह्यात काय अडचन दिसत न्हाई मला.”

विजयमाला फस्सकन हसली. मग स्वतःच्या हातातली कैरी आठवून तिनं हात पदराआड नेला. पण आक्काबाईच्या डोळ्यांतून काय सुटतंय? दोन वर्षं या पोरीकडं तिनं नीट पाहिलं नव्हतं. आता वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि नजर पोटापाशी थांबली.

“कितवा?”

“पाचवा सरत आला, आत्याबाई.”

“आन् माजी कैरी नुसतीच खातीस? अगं, दात आंबत्यात. मीठ-तिखट लावून घ्यावं. छबू, तुला बी कळत न्हाई का? पोटुशी पोर नुसत्या कैऱ्या चावतीय आन् तू बघत बसलीस!”

“तुमाला इचारल्याबिगर मीठ कसं लावू वन्सं?” छबूबाई म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं ते तिनं चुलीच्या धुरावर ढकललं.

कानिफनाथ शेवटी बाहेर आला. बहिणीकडं न बघता तो खाजाभाईला म्हणाला, “झाड तिचं तर तिचं. मला काय करायचंय? तिला सांग, तुकडे कर आन् गाडीत घालून ने. करवत हाय, मानसं हायेत.”

“तुकडे?” आक्काबाई ताडकन उठली. “माजं झाड मी उभं करनार हाय.”

खाजाभाईनं चहाची बशी खाली ठेवली. मच्छिंद्रच पहिल्यांदा बोलला. “आक्का, अगं अर्धी मुळं उघडी पडल्यात.”

“अर्धी जमिनीत हायेत ना? मग! फांद्या उतरवा, वजन कमी करा. खड्डा खोल करा. शेनखत घाला, पानी घाला, टेकू द्या. ह्याला रोप असताना मी जगवलंय. मला काय सांगतोस?”

ती चुलीपाशी मीठ आणायला आत आली तेव्हा छबूबाईनं तिचा हात धरला. नणंदेचा हात धरायची तिची ही पहिलीच वेळ असावी.

“वन्सं, एक बोलू? राग मानू नका. झाड पडलंय तवर तुमचं हाय. उभं राहिलं की ते परत ह्या दोगांचं. तुमच्या हाताला काय लागनार?”

आक्काबाई मिठाची वाटी घेऊन तशीच उभी राहिली.

“येडी का खुळी तू छबू? लाकूड घिऊन मी काय करू? लाकडं काय उक्कलगावात मिळत न्हाईत? हे झाड हितं उभं हाय म्हनून मला हितं यायला वाट हाय. ते तुटलं तर मी कोनाच्या तोंडाकडं बघून येऊ?”

“बिनकैऱ्यांच्या या की. घर काय आमचं एकट्याचं हाय?”

“बिनकैऱ्यांचं यायला बोलावनं लागतं गं. कोन बोलावनार? त्यो बोलत न्हाई.”

“तुमी तरी कुठं बोलता?”

“एकच की ते,” आक्काबाई म्हणाली, आणि मीठ घेऊन बाहेर गेली.

त्यानंतर छबूबाईनं पदर खोचला. बाहेर जाऊन नवऱ्याला न विचारता ती म्हणाली, “खाजाभाई, करवत घ्या. फांद्या उतरवायच्या, खोडाला हात लावायचा न्हाई. मच्छिंद्र भावजी, कुदळ घ्या. विजे, तू मधी मधी करू नगंस, बस आन् कैऱ्या वेच.” असा आवाज तिनं सासूबाईंच्या माघारी पहिल्यांदाच काढला होता. कानिफनाथ बघतच राहिला.

ऊन तापेपर्यंत काम चाललं. खाजाभाईनं फांद्या उतरवल्या, कापलेल्या जागी शेण लिंपलं. कैऱ्यांनी पोती भरली. मच्छिंद्रानं मुळांखालची जागा खोल केली. कानिफनाथ सगळा वेळ कुडाजवळच्या दगडावर बसून होता. हात लावला नाही, आणि हललाही नाही. खाजाभाई मधूनच त्याला ऐकू जाईल असं म्हणायचा, “बसलेल्या मानसाला ऊन जास्त लागतं म्हनत्यात.”

मग आक्काबाईच्या गाडीचे बैल जुंपले. दोर खोडाला बांधला. मच्छिंद्रानं हाकारलं. बैलांनी हिसका दिला, शेंद्र्या वीतभर उचलला, आणि जमिनीतल्या मुळांपैकी एक कडकन तुटलं. दोर सुटला. झाड परत आदळलं.

“बाई गं!” आक्काबाईनं छातीवर हात मारून घेतला. “मेलं! माजं झाड मेलं!”

“पुन्यांदा जुंपू का?” मच्छिंद्र घाबरून म्हणाला.

“नगं! नगं रं बाबा! आनखी एक मूळ गेलं तर संपलंच की मग.” ती खोडाजवळ मातीत बसली. दिवसभराचा तिचा तोरा गेला. नुसती एक दमलेली बाई दिसत होती, पायाला माती लागलेली.

कानिफनाथ दगडावरून उठला. काही न बोलता विहिरीकडं गेला. छबूबाईला वाटलं, बघवत नाही म्हणून गेला. पण थोड्या वेळानं तो परत आला तो मोटेचा जाडजूड नाडा खांद्यावर घेऊन, आणि मागं त्याची पाखऱ्या-मोत्याची जोडी.

“मच्छिंद्र, गाडीचे बैल सोड. त्यांना हिसका मारायची सवय हाय. हिथं मोटेचे बैल पायजेत. हळू वढायचं, वढून धरायचं, सांगितलं की मागं सरायचं. हे त्यांना येतं.”

नाडा बांधला. टेकूसाठी बाभळीची बेळकी घेऊन खाजाभाईची माणसं उभी राहिली. कानिफनाथ बैलांच्या मागं गेला, शेपट्यांना हात लावला, जिभेचा आवाज काढला. बैल हलेनात. पुन्हा हाकारलं. पाखऱ्यानं मान वळवून मालकाकडं पाहिलं.

“अवो,” छबूबाई म्हणाली, “गानं म्हना की. गान्याबिगर ते कधी हाललेत का?”

कानिफनाथाचा चेहरा लाल झाला. “गप ए.”

“गप काय? रोज म्हनता, आन् आजच काय झालं?”

आज काय झालं ते तिला पुरतं ठाऊक होतं. कानिफनाथानं इकडं तिकडं पाहिलं. बहीण मातीत बसलेली. बैल उभे. शेवटी त्यानं मान खाली घातली आणि घोगऱ्या आवाजात सुरू केलं,

“भर गं मोटं, चल रं बैला,
पानी जाऊ दे आक्काच्या आंब्याला...”

बैल चालायला लागले.

बापाचं गाणं होतं ते. शेंद्र्या रोप होता तेव्हा गोरक्षबाबानं मोटेवर रचलेलं. बैलांच्या पिढ्या बदलल्या, मोटेवरचा माणूस बदलला, गाणं तेच राहिलं. बोलणं तुटलं त्या दोन वर्षांतही कानिफनाथानं रोज पहाटे विहिरीवर हेच म्हटलं होतं. बैलांना दुसरं कळत नव्हतं आणि त्यालाही दुसरं येत नव्हतं. छबूबाई रोज ऐकायची. आक्काबाईनं आज ऐकलं. ती मातीतून उठली, ओठ घट्ट दाबून धरलेले, पण डोळ्यांचं काय करणार?

“धरा!” कानिफनाथ ओरडला. बैल ताण धरून थांबले, पहिलं बेळकं लागलं. पुन्हा गाणं, पुन्हा दोन पावलं. शेंद्र्या इंचाइंचानं उठत होता. अर्ध्यावर आला तेव्हा मातीतून करकर आवाज आला आणि आक्काबाई किंचाळली, “कान्या! मागं घे! मूळ तुटतंय!”

“घेतो गं आक्का! सर रं पाखऱ्या, सर मागं!”

बैल दोन पावलं मागं सरले. मूळ वाचलं. मच्छिंद्रानं छबूबाईकडं पाहून डोळे मोठे केले. निरोप्याची नोकरी गेली होती त्याची.

उन्हं कलली तेव्हा शेंद्र्या उभा होता. उभा म्हणजे काय, जरा वाकलेला, बाभळीच्या तीन बेळक्यांवर रेललेला, डोक्यावर चार फांद्या उरलेल्या. पण मुळं मातीत होती, आणि मोटेचं पाणी पाटानं येऊन त्याच्या बुंध्याशी साठत होतं. खाजाभाईनं उतरवलेल्या फांद्या नेल्या नाहीत. “चुलीला ठेवा भाबी,” म्हणाला आणि करवत खांद्यावर टाकून गेला.

सगळ्यांनी मिळून भाकरी खाल्ली. आक्काबाईही जेवली. दोन वर्षांनी या घरात जेवली. पण बहीणभाऊ पुन्हा गप्प झाले होते. झाडाच्या गडबडीत बोलून गेले ते गेले, आता निवांतपणी कसं बोलायचं हे दोघांनाही सुचत नव्हतं. मच्छिंद्रानं गाडीत पोती भरली. आक्काबाईनं विजयमालेच्या ओटीत निवडून कैऱ्या घातल्या, तिच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. “राहुरीचे लोक चांगले हायेत ना गं?” एवढंच विचारलं, आणि पोरीनं मान हलवल्यावर म्हणाली, “मग झालं.”

मग ती शेंद्र्यापाशी गेली.

“येते रं बाबा,” ती झाडाला म्हणाली. “जग. आता तू ह्या दोगांचा. दोन-तीन सालं तुला काय फळ धरायचं न्हाई.” आणि छबूबाईकडं वळून म्हणाली, “धरलं की सांगावा धाड. पडंल तवा यीन.”

दिवसभर झाड उभं करायच्या नादात हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. फळ नाही म्हणजे पड नाही. पड नाही म्हणजे दोन-तीन वर्षं आक्काबाई नाही. छबूबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. अवो, बोला की कायतरी, असं ओरडावंसं वाटलं तिला.

कानिफनाथ शेंद्र्याखाली उभा होता, वर बघत. मग त्यानं हात उंच केला आणि उरलेल्या फांद्यांपैकी खालची फांदी धरून हळूच हलवली. चार पिवळी पानं गळून पाटाच्या पाण्यात पडली.

“आक्का,” तो म्हणाला. “वारं सुटलंय.”

आक्काबाई वळली. “हात लावून पाडलेली पड न्हाई, कान्या. बाबा काय म्हनले हुते?”

“ही नसंल. पन उद्याच्याला वाऱ्यानं पडतील ती? परवा पडतील ती? जुनी पानं रोज गळत्यात आक्का, फळ असू दे न्हाईतर नसू दे. ती सगळी तुजी. ती कोन नेनार? मी तर हात लावनार न्हाई.” त्यानं फांदी सोडली. “पाटी घिऊन येत जा. दर आठवड्याला ये. चुकलो मी. पोरीचं तुला इचारायला पायजे हुतं. पन म्हनून तू यायची बंद झालीस तर मला न्हाई चालायचं.”

आक्काबाई त्याच्यापाशी आली. खाली वाकली, पाण्यात पडलेलं एक पान उचललं आणि कमरेला खोचलं. आणि मग भावाच्या पाठीत असा गुद्दा घातला की मच्छिंद्र गाडीवरून हसायला लागला.

“दोन वरसं लागली व्हय रं तुला एवढं म्हनायला?” ती म्हणाली आणि डोळे पुसत गाडीत जाऊन बसली. गाडी वळली तेव्हा तिनं मागं पाहून ओरडून सांगितलं, “बेळकी हालवू नगंस! सोमवारी यीन!”

दुसऱ्या दिवशी सकाळी छबूबाई परस झाडायला गेली. शेवग्याचा पाला, लिंबाच्या काड्या, वादळानं आणलेला कचरा तिनं एका बाजूला लोटला. शेंद्र्याखाली आली तेव्हा तिचा खराटा थांबला. ती खाली बसली, आंब्याची पानं हातानं एक एक करून वेचली आणि चुलीमागच्या कोपऱ्यात नेऊन त्यांच्यावर पोतं झाकलं.